खिंडसीची ओहोटी

वेटिंग लिस्ट बावीसवरून सतरावर आली
आणि तिथंच बसली, रस्त्यातल्या म्हशीसारखी.
दापोली, हर्णै, गुहागर –
शालूनं वहीत आखलेला किनारा,
रोजचं अंतर, फेरीबोटींच्या वेळा,
हर्णैच्या पानावर पेन्सिलीचा एक छोटा मासा.
"मग?" मी फोनवर.
"मग काय मग. तंबू तर आणला नं भाड्यानं.
पाणी पाह्यजे फक्त,
ज्याचा दुसरा काठ दिसत नाही असं."

शनिवार, पहाटे पाच, इंदोरा चौक.
हातमोज्यांतूनही बोटं चावणारा जानेवारी.
शालूच्या कॅरिअरवर तंबू, स्टोव्ह,
आणि सासूला सांगितलेलं ऑफिसचं ट्रेनिंग.
माझ्याकडे सतरंजी, चिवडा, दहा संत्री.
संत्री कोणी घेतली ते आठवत नाही,
नागपूरकराच्या पिशवीत ती आपोआप येतात.

कामठीपर्यंत ट्रकांच्या मागे मागे.
कन्हानच्या पुलावर धुकं इतकं
की नदी फक्त वासावरून कळली.
मनसरला तर्री-पोहे. शालूचे डोळे भरून आले,
तिखटानं, की मधेच आलेल्या फोननं,
मी विचारलं नाही.
पुढे चढ नव्हता, पण वारा समोरून.
"समुद्रावरून येऊन राहिला," ती म्हणाली.
"कोणत्या?"
"कोणत्याबी. आपल्याहून सगळे सारखेच दूर."

रामटेकच्या पलीकडे शेवटची उतरण,
आणि पाणी.
दुसरा काठ दिसत होता. पुरता दिसत होता.
टेकडी, पानं गळालेले साग, एक पांढरी गाय.
शालूनं चष्मा काढून खिशात घातला.
"आता नाही दिसत," म्हणाली.

"तिथं नोका लावू बाई, माह्ये टरबुजं हायेत."
खांद्यावर जाळं घेतलेला म्हातारा. इस्तारी.
पायाखाली पाहिलं तर खरंच,
भेगाळल्या गाळात दोन-दोन पानांची रोपं.
"दिवाळीले इथं गळ्याइतकं पाणी होतं."
मग त्यानंच जागा दाखवली, चार पावलं वर,
तीही तळ्याच्या तळातलीच.
तंबूची एक दांडी दुकानदारानं दिलीच नव्हती.
इस्तारी डोंग्याकडे गेला
आणि वल्हं घेऊन आला.

रात्री आमच्यावर कापड, कापडाखाली वल्हं,
वल्ह्याला माशांचा वास,
आणि गारठा असा की दोघींच्या सतरंज्या एक केल्या.
"सासूला खरं काय सांगू?" शालू अंधारात म्हणाली.
"की बावीस वर्षं झाली, मला दोन दिवस
कोणाच्या मागं न बसता जायचं आहे?"
मी संत्रं सोललं. अर्धं तिच्या हातात ठेवलं.
बाहेर एक टिटवी बराच वेळ
कोणावर तरी रागावत होती.

सकाळी इस्तारी चहाला बसला.
समुद्राला निघालो होतो हे ऐकून हसला नाही.
विचारलं, "तिथलं पाणी म्हणे दिवसातून दोनदा
येते आन् जाते. कोन सोडते?"
"कोणी नाही," मी म्हटलं. "चंद्र."
तो बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिला.
"आमच्याकडं पाटबंधारेवाले सोडते.
कालव्याची चाबी त्यायच्याकडं.
त्यायनं पाणी नेलं का आमाले जमीन."

शालू काठावर गेली.
काल संध्याकाळी पाण्याच्या कडेला रोवलेली तुरकाटी
आता कोरड्यात उभी होती.
तिनं हातानं मोजलं, वही काढली,
हर्णैच्या पानावर, माशाच्या शेपटीखाली लिहिलं:
ओहोटी एक वीत. सकाळी सहा चाळीस.

वल्हं परत केलं तसा तंबू
आमच्या डोळ्यांदेखत खाली बसला.
डोंगा ढकलता ढकलता इस्तारी वळला:
"गेल्या कधी तिकडं, तं मले येऊन सांगजा.
खरंच आपल्या मनानं येते का पाणी."